ह्यांची गाडी पुलापाशी आली की आमच्या चिंगीला कसं कळतं?

पागोळी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज जेवणं आवरल्यावर बसलेच लिहायला.

आम्ही देवरूखजवळ एका वाडीत राहतो. घरात हे, मी, सासूबाई आणि चिंगी. चिंगी म्हणजे आमची भाटी, मांजरी. चार वर्षांची, पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस ठिपके. पऱ्याला, म्हणजे परसाखालच्या ओढ्याला, पूर आला होता त्या जुलैत ती दगडी गडग्याच्या भोकात एकटीच ओरडत होती. मी पदरात गुंडाळून घरी आणली. हे तेव्हा म्हणाले होते, "घरात नको, गोठ्यात राहू दे." आठ दिवसांत ती गोठ्यातून पडवीत आली, पडवीतून माजघरात, आणि आता सासूबाईंच्या गोधडीवर झोपते.

तर प्रश्न असा. हे वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहेत. पाळ्या बदलत्या. एका आठवड्यात दुपारी साडेचारला घरी येतात, पुढच्या आठवड्यात रात्री साडेबाराला, त्याच्या पुढच्यात सकाळी साडेआठला. त्यातून फीडर, म्हणजे विजेची लाइन, गेला किंवा पुढचा माणूस आला नाही तर तास-दीड तास उशीर ठरलेलाच. म्हणजे घड्याळ लावून वाट बघावी असं काही नाही. तरी हे यायच्या चार-पाच मिनिटं आधी चिंगी उठते.

कशी उठते ते सांगते. आधी झोपेतच एक कान वळतो. डोळे मिटलेले असतात. कान वळतो, थोडा थांबतो, परत वळतो, जसं काही सुईत दोरा ओवायचाय. मग दुसरा कान. मग मान वर. पुढचे पाय लांब करून आळस देते, गोधडीवरून उतरते आणि पडवीच्या पायरीवर जाऊन शेपटी पायांभोवती घेऊन बसते, तोंड बेड्याकडे, म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे. मी तेव्हा चहाचं आधण ठेवते. चहा गाळून होईपर्यंत ह्यांची गाडी बेड्याशी आलेली असते. मला गाडीचा आवाज येतो तो शेवटच्या वळणावर, म्हणजे जेमतेम अर्धं मिनिट आधी.

बाकीही तिच्या तऱ्हा आहेत. सूप पाखडायला काढलं की त्यात जाऊन बसणार. वाटीतलं पाणी पिणार नाही, पावसात पागोळीखाली जीभ धरून पिणार. गणपतीत उकडीच्या मोदकावरचं तूप स्वच्छ चाटलं आणि मोदकाला तोंडसुद्धा लावलं नाही. परसात एक तण उगवतं, ते मी उपटलं की मुळांवर अशी लोळते, गाल घासते, की मला आधी वाटलं हिला फिट आली. एकदा माळ्याच्या वाशावरून पाठीवर पडताना मी डोळ्यांनी पाहिली आणि जमिनीला लागली ती चारही पायांवर. पण ह्या सगळ्याचं मला तेवढं नवल नाही. ह्यांची गाडी तिला कशी कळते, ते मात्र जाणून घ्यायचंय. कुणाकडे असं आहे का?

बाभूळ

पागोळीताई, राग मानू नका. मी पस्तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे आधी शंका येते. मांजर दिवसातून वीस वेळा उठतं आणि दारात जातं. त्यातल्या ज्या वेळी साहेब आले त्या तुमच्या लक्षात राहिल्या, ज्या वेळी कुणीच आलं नाही त्या विसरल्या. हे सगळ्यांचं होतं, माझंही होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. मालक गणित घालायचा आणि हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. मालक प्रामाणिक होता, कुठलीही लबाडी नव्हती. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. खुरांचा आकडा उत्तराजवळ आला की माणसाची मान आणि चेहरा अगदी थोडा हलायचा, आणि घोडा ते वाचायचा. मला तर ते गणित येण्यापेक्षा मोठं वाटतं.

म्हणून विचारतो: साहेब निघताना फोन करतात का? तुम्हाला ते निघालेत हे माहीत असेल तर तुम्ही नकळत उठता, भांडी हलवता, दाराकडे बघता, आणि चिंगी तुम्हाला वाचते.

एक महिना टिपण ठेवा. फोन बंद. चिंगी पायरीवर गेली की लगेच वेळ लिहायची, साहेब आल्यावर नाही. ती गेली आणि कुणी आलं नाही, तेही लिहायचं. पाऊस, वारा असेल तर तोही. मग बोलू.

पागोळी

सर, राग कसला. तुमचं खरं आहे, हे निघताना मिस्ड कॉल देतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून बंद करायला सांगते. टिपण सासूबाई ठेवतील, त्यांना ह्यांची कुठली पाळी चालू आहे ते कधीच लक्षात राहत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितील.

गुरांचा डॉक्टर

मी यवतमाळकडे जनावरांचा डॉक्टर आहे. गाई-बैल, शेळ्या जास्त, पण हल्ली मांजरंही येतात.

कानाचं सांगतो. आपल्याला तरुणपणी जास्तीत जास्त 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, वय वाढलं की तोही कमी होतो. मांजराला 60,000 च्याही वरचा येतो. कारण उघड आहे, उंदराची पिल्लं बिळात ज्या बारीक आवाजात चिवचिवतात तो आपल्याला ऐकूच येत नाही. मांजर मात्र बिळाबाहेर बसून ते ऐकत असतं. आपण म्हणतो, भिंतीकडे उगाच टक लावून बसलंय.

पण चिंगीचं कोडं त्याने सुटत नाही. इतके बारीक आवाज हवेत फार लांब जात नाहीत, वाटेतच विरतात. पुलापासून तुमच्या घरापर्यंत पोचेल तो आवाज आपल्याही पट्टीतलाच असणार. फरक असा की त्या पट्टीतला अगदी मंद आवाजही मांजराला आपल्याआधी लागतो. त्यात बाहेरचा कान म्हणजे फिरणारं नरसाळं, आणि दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. तुम्ही जे लिहिलंय, आधी एक कान, मग दुसरा, ते वाचूनच मला वाटलं की ती ऐकूनच ओळखते. दोन्ही कानांत आवाज किती फरकाने पोचला यावरून ती दिशा पक्की करते.

आता बाकीच्या तऱ्हा. मोदकाला तोंड लावलं नाही कारण मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव घेणारा जो भाग जिभेवर लागतो तो बनवणारं एक जनुक मांजरांत निकामी आहे, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या लोकांनी 2005 मध्ये ते शोधलं. वाघ आणि चित्त्यातही तसंच निघालं. तुपाचा वास आणि स्निग्धपणा तिला हवा होता, सारणातला गूळ तिच्या लेखी नाहीच. सुपात बसते कारण तिन्ही बाजूंनी अंगाला काठ लागला की मांजराला निर्धास्त वाटतं. आमच्या दवाखान्यात घाबरलेलं मांजर आलं की मी आधी एक खोकं पुढे करतो, तपासणी नंतर.

तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. तांबडा रंग एक्स गुणसूत्रावर असतो. काळा आणि तांबडा दोन्ही एका अंगावर यायला दोन एक्स लागतात, आणि ते सहसा मादीतच असतात.

धागा मांजरांचा आहे म्हणून एक सांगून ठेवतो, कारण दर वर्षी एकदोन केसेस येतात. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, जीव जातो. माणसं प्रेमापोटीच देतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मिरजेची मावशी

मला डॉक्टरांचं पटलं, पण आमच्याकडे एक वेगळाच प्रकार झाला तो सांगते.

आमच्याकडे दोन मांजरं. बोका राखाडी, त्याचं नाव भुऱ्या. आणि पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे अशी गौरा. गौरा जन्मापासून ठार बहिरी. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत हे बरंच असतं असं डॉक्टरांनी सांगितलं. पाठीमागे पातेलं पडलं तरी तिची मान हलत नाही. ओरडते मात्र केवढ्याने, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना.

आणि ही बहिरी गौरा माझा मुलगा क्लासवरून यायच्या आधी दारात! मी सगळ्या गल्लीत सांगत सुटले होते की हिला अंतर्ज्ञान आहे. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं. मग भुऱ्याच्या पायाला गळू झालं, त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या संध्याकाळी मुलगा आला, चप्पल काढली, हातपाय धुतले, गौरा पलंगावर ढिम्म. त्याने पलंगावर हात टेकला तेव्हा दचकून उठली. दुसऱ्या दिवशी भुऱ्या घरी आला आणि संध्याकाळी दोघं परत दारात.

मग मी नीट बघायला लागले. भुऱ्या ऐकतो. गौरा भुऱ्याचे कान बघते. झोपतानासुद्धा ती अशी झोपते की तिचं डोकं किंवा पाठ त्याला टेकलेली असते. तो उठला की तिला कळलंच पाहिजे. मला ते कळलं त्या दिवशी मी त्या बोक्याला पापलेटचा तुकडा दिला. तोवर मी त्याला सारखी आळशी म्हणत होते.

ओसाकाहून

मावशी, काय सुंदर लिहिलंय! भुऱ्याला माझ्याकडून पण एक तुकडा.

मी नऊ वर्षं जपानात आहे, इथे मांजरांवर बराच अभ्यास होतो. 2019 मध्ये आत्सुको साइतो यांनी दाखवलं की पाळीव मांजरं स्वतःचं नाव ओळखतात. त्याच लांबीचे दुसरे शब्द ओळीने ऐकवले की मांजर हळूहळू लक्ष देईनासं होतं, मग नाव आलं की कान किंवा डोकं हलतं. परक्या माणसाने नाव घेतलं तरी हलतं. येतं की नाही हा वेगळा प्रश्न.

चिंगीच्या जवळचा प्रयोग 2021 चा, साहो ताकागी यांचा, क्योतो विद्यापीठातला. मांजर खोलीत. बाहेरच्या एका स्पीकरवरून मालकाचा आवाज नाव घेतो, आणि लगेच दुसऱ्या, लांबच्या स्पीकरवरून तोच आवाज येतो. इतक्या कमी वेळात माणूस तिथे पोचूच शकत नाही. मांजरं गोंधळली, कान फिरवले, इकडेतिकडे बघायला लागली. म्हणजे माणूस दिसत नसतानाही तो आत्ता कुठे असेल याचा अंदाज मांजराच्या डोक्यात चालू असतो. मला हे वाचल्यापासून घरात एका खोलीतून दुसरीत जाताना जाणवतं की आमचा बोका मुगी मला मनात धरून आहे. परदेशात एकटं राहणाऱ्या माणसाला हे किती मोठं वाटतं ते कसं सांगू.

पागोळीताई, त्या तणाचं काय? पानं कशी आहेत? इथे माताताबी नावाची वेल आहे, तिच्या पानांवर मांजरं अशीच लोळतात. 2021 मध्येच इवाते विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की त्या पानांतलं द्रव्य अंगाला लागलं की मांजराला डास कमी चावतात. लोळण्यामागे नुसती नशा नाही.

वाईची वैद्यकाकू

माझी पैज, खोकली. कमरेएवढीसुद्धा होत नाही, पानं थोडी नागमोडी दातेरी, लांब देठाची, तुऱ्यावर हिरव्या छोट्या वाट्यांसारखं काहीतरी असतं. पडीक जागेत, भिंतीच्या कडेला, कुंड्यांत पावसाळ्यात आपोआप येते. मुळाचा वास मांजराला वेडं करतो. केरळात हिला पूच्चमयक्की म्हणतात, मांजराला भुरळ घालणारी. आमच्या आजीच्या परसात खोकली उपटली की गल्लीतली तीन-चार बोके-मांजरं हजर, आणि एरवी एकमेकांना फाडून खाणारी ती शेजारी शेजारी लोळायची. औषधातल्या तगरीच्या (फुलांच्या नव्हे) मुळ्यांचंही असंच. माझ्या औषधांच्या कपाटाला म्हणून कुलूप आहे.

मीरा रोड सातवा मजला

पाठीवर पडताना चार पायांवर आली त्याबद्दल मला लिहायचंय, कारण हे वाचून कुणी गाफील राहू नये.

मांजर हवेत वळतं हे खरंच आहे. पॅरिसमध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने 1894 साली मांजर पाठीवर सोडून, पडतानाचे भराभर फोटो काढून दाखवलं. आधी पुढचा अर्धा भाग वळतो, पाय जवळ घेऊन, मग मागचा. अंग मधून वाकलेलं असतं म्हणून हवेत कशाचाही आधार न घेता वळता येतं. पिल्लाला हे जन्मतः येत नाही, सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत जमायला लागतं. न्यूयॉर्कमधल्या जनावरांच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या 132 मांजरांचा अभ्यास लिहिला. त्यातली नव्वद टक्के वाचली.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी आमची मांजर शाई खिडकीतून पडली. रात्री पावणेदोन. कबुतर बाहेरच्या कडीवर बसलं होतं, ती झेपावली. मी धावत खाली गेले तर ती मोटारसायकलींच्या मागे बसली होती, पायांवरच, आणि हनुवटीतून रक्त. पाय शाबूत. पायांनी तोललं, पण डोकं खाली आपटलं. जबडा मधोमध दुभंगला होता. तार घालावी लागली, सहा आठवडे मी तिला सिरिंजने पातळ खिमट भरवलं. माझी चूक होती, खिडकी उघडी होती. चार पायांवर पडतं म्हणजे काही होत नाही असं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

जाळी लावा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यालाही लावा. आणि नव्वद टक्क्यांचा आकडा दवाखान्यापर्यंत पोचलेल्या मांजरांचा आहे, जी खालीच गेली त्यांचा त्यात हिशेब नाही.

बाभूळ

मीरा रोडताई, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. शाई आता कशी आहे?

मीरा रोड सातवा मजला

छान आहे सर. एक सुळा गेला. जाळीला नाक लावून कबुतरांशी दात वाजवत बोलते.

पागोळी

मंडळी, चार आठवडे झाले. कॅलेंडर समोर घेऊन बसलेय. सासूबाईंनी मन लावून लिहिलंय, एकही दिवस चुकला नाही. चश्मा नव्हता त्या रात्री मला हाक मारली, "लिही गं, मांजर गेली."

चार आठवड्यांत ड्यूटीवरून घरी येणं झालं 24 वेळा. त्यातल्या तीन वेळा चिंगीच घरात नव्हती. उरले 21. त्यात 15 वेळा ती मला काहीही ऐकू यायच्या आधी पायरीवर गेली. मिस्ड कॉल पहिल्या दिवसापासून बंद, त्यामुळे माझी चुळबुळ वाचत होती हे निदान ह्या पंधरा वेळांना लागू नाही. उलट मीच तिला बघून आधण ठेवते. दोन वेळा दुपारी ती झोपूनच राहिली.

राहिलेले चार म्हणजे पावसाच्या रात्री. आमचं घर कौलारू, पण पडवीवर पत्रा आहे. पाऊस धरला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. त्या चारही रात्री चिंगीला काही कळलं नाही. गाडी बेड्याशी आली, ह्यांनी रेनकोट झटकला, तेव्हा उठली. डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसं, ती ऐकूनच ओळखते.

आणि सर, तुम्ही दिवस-रात्र वेगळी काढायला सांगितलं नव्हतं, पण मला सवय आहे वेगळं काढायची. रात्री साडेबाराच्या पाळीला ती चांगली पाच मिनिटं आधी उठते. दुपारी साडेचारला दोन, फार तर तीन. असं का?

सहा वेळा ती गेली आणि हे आले नाहीत. त्यात चार वेळा मी लगेच बाहेर जाऊन बघितलं. दोनदा मासेवाल्याची गाडी होती, एकदा वाडीतला कुत्रा, एकदा माझा भाऊ, तोही स्कूटरवरून वर्षातून चारदा येतो. दोन वेळांचं कळलं नाही.

पण सगळ्यात मला काय पटलं ते सांगते. आमच्या खालच्या घरात तीच गाडी आहे, त्याच सालची स्प्लेंडर, रंगसुद्धा तोच. ती रोज दोनदा त्याच रस्त्याने जाते. चिंगी तिच्यासाठी एकदाही उठली नाही.

बाभूळ

ताई, माझी शंका मी मागे घेतो, आणि मनापासून घेतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, इतकं नीट टिपण माझ्या शाळेतल्या मुलांनी ठेवलं नसतं.

दिवस-रात्रीचं उत्तर हवेत आहे. दुपारी जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वर वाकून निघून जातो. रात्री आकाश मोकळं असेल तर उलट. जमिनीलगत थंड हवा साचते आणि आवाज खाली वाकून लांबपर्यंत पोचतो. गावाकडे रात्री लांबच्या देवळातलं भजन स्पष्ट ऐकू येतं ते त्यामुळेच. शिवाय रात्री दुसरे आवाज नसतात.

एक विचारतो. पूल घरापासून किती लांब?

पागोळी

रस्त्याने दोन किलोमीटर. तुम्ही विचारलंत म्हणून आज पडवीत उभी राहून बघितलं. रस्ता सगळा डोंगराला वळसा घालून येतो. पण पूल पऱ्यावर आहे आणि पऱ्या आमच्या परसाखालूनच जातो. घळीतून सरळ धरलं तर पूल अर्ध्या किलोमीटरवर असेल. इतकी वर्षं राहते, पण हा हिशेब मी कधी केला नव्हता. गाडी वळणं घेत चार-पाच मिनिटांनी येते, आवाज मात्र घळीतून सरळ येतो.

गुरांचा डॉक्टर

सुटलं कोडं! आता फक्त एवढंच राहिलं की दोन सारख्या गाड्यांतला फरक तिला कसा लागतो. गाडीत काही खडखडतं का?

पागोळी

डॉक्टर, याचं उत्तर तुम्ही विचारल्यावर आठ दिवसांनी आपोआप मिळालं.

ह्यांनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. एक दिवस गाडी गॅरेजमध्येच होती, हे एसटीने येऊन फाट्यावरून चालत आले. चिंगी बेड्याची कडी वाजेपर्यंत झोपलेली. ते ठीक, गाडीच नव्हती. पण गाडी परत आल्यावर दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाऊस नव्हता. हे बेड्याशी येऊन गाडी बंद करायचे तेव्हा ती गोधडीवरून मान वर करून बघायची, कोण आलं म्हणून.

मी विचारलं, गाडीत काय काय केलं? म्हणाले, ऑइल बदललं, ब्रेक घट्ट केले, आणि चेनकव्हरचा बोल्ट कधीपासून निघालेला होता तो बसवला. ते कव्हर खडखडायचं. पुलावर पत्र्याचा एक जोड वर आलाय, तिथे चाक आपटलं की ते कव्हर दोनदा वाजायचं, ठण-ठण. मला बेड्याशीसुद्धा तो आवाज कधी वेगळा जाणवला नव्हता. चिंगीला तीच खूण होती.

आता जे सांगायचंय ते वेगळंच आहे. चौथ्या दिवशी रात्रीची पाळी होती. हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी भात वाढत होते. हे म्हणाले, "आज पण दारात नव्हती ती." त्या गोठ्याच्या बोलण्यानंतर चार वर्षांत ह्यांनी आपणहून चिंगीबद्दल माझ्याशी शब्द काढला नव्हता. तिला कधी मांडीवर घेत नाहीत, नावाने हाक मारत नाहीत. मला वाटायचं, चालवून घेतात माझ्यासाठी. मी म्हटलं, "तुम्ही बघत होतात?" तर म्हणाले, "साडेबाराला सगळी वाडी झोपलेली असते. पायरीवर तिचे डोळे चमकतात हेडलाइटमध्ये. तेवढंच." आणि जेवायला लागले. मी पुढे काही बोलले नाही.

बोल्ट परत काढायचा का असं मी विचारणार होते, पण ते बरं नाही, कव्हर चेनमध्ये अडकलं तर काय घ्या. हेही त्यावर काही बोलले नाहीत.

काल रात्री सव्वाबारा झाले असतील. मी ओटीवर शिवण घेऊन बसले होते. पाऊस थांबला होता, नुसत्या पागोळ्या गळत होत्या. चिंगी सासूबाईंच्या पायाशी. तिचा एक कान वळला. मी हात थांबवून ऐकलं, मला पागोळ्यांखेरीज काहीसुद्धा ऐकू आलं नाही. दुसरा कान वळला. ती उठली, आळस दिला, पायरीवर जाऊन बसली.

मी आधण ठेवलं. चहा गाळला तेव्हा हे आत आले. मी विचारलं, आज काय वाजलं गाडीचं? म्हणाले, "काही नाही. पुलावर हॉर्न दिला दोनदा."